भुकेचं गवत

२ ऑक्टोबर १९७२, सोमवार. वडूज.

पोचले. इस्लामपुराहून कऱ्हाड, कऱ्हाडहून वडूज, दोन एस.टी. गाड्या आणि मध्ये एक पंक्चर, तरी दिवसाउजेडी पोचले. अब्बांनी ट्रंकेवर पांढऱ्या रंगात 'जैनब याकूब मुल्ला, लेस शिक्षिका' असं स्वतः लिहून दिलंय. शिंप्याचं अक्षर, टाके घातल्यासारखं सरळ. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, लेस म्हणजे बुटाची का. मी पिशवीतला नमुना काढून दाखवला, तर ती तो परतच देईना.

बंगला गावापासून दीड मैलावर उघड्या माळावर आहे. काळ्या दगडाचा, कौलारू. नोरा किन्सेला नावाच्या आयरिश बाईंचा. त्या पन्नास वर्षं इथं राहिल्या आणि चार वर्षांमागं इथंच वारल्या. बायकांसाठी त्यांनी लेसचा वर्ग चालवला होता. यंदा दुष्काळात काही बायकांना तरी खडी फोडण्याऐवजी सावलीत बसून करायचं काम मिळावं म्हणून बंगला सांभाळणाऱ्या संस्थेनं तो पुन्हा उघडलाय. चिटणीस आप्पासो किल्ल्या घेऊन आले होते. वीस बायकांची मंजुरी आहे, एकवीस होता कामा नयेत, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

सोबतीला साळूबाई आहेत. साठीच्या, काटक. लहानपणी नोराबाईंच्या हाताखाली शिकलेल्या. सकाळी गावातून चालत येतात, संध्याकाळी जातात. त्यांनी कपाट उघडून दाखवलं आणि माझा प्रवासाचा शीण पळाला. काय ती लेस! एकेक फूल, एकेक पान क्रोशानं वेगळं विणायचं, मग सगळी कापडावर टाचून मधली जाळी भरायची. गुलाब आहेत, द्राक्षं आहेत, तीन पानांचं एक रानगवत आहे. आणि त्यांच्याशेजारी चक्क तरवड, बाभळ, करडईची फुलं. नोराबाईंच्या देशात म्हणे प्रत्येक घराचं आपलं फूल असायचं, परकं माणूस दारात आलं की बायका हातातलं काम झाकून ठेवायच्या. इथंही त्यांनी प्रत्येकीला आपलं फूल शोधायला लावलं. साळूबाईंचं बाभळीचं. तिकडे बटाटे सडून लाखो माणसं उपाशी मेली, तेव्हा बायकांनी या सुईवर घरं तगवली, असं बाई सांगायच्या.

वर्गाच्या दारावर कडब्याच्या काड्यांची विणलेली फुली टांगायची त्यांची रीत होती, घराला राखण म्हणून. ती मात्र गेल्या आठवड्यात कुणीतरी काढून आपल्या जनावराला घातली. त्यात काय एवढं, कडबा कुठं मिळतो आता.

एक नवल. सगळा माळ करपलेला, पण फाटकाच्या आत घोंगडीएवढ्या जागेत हिरवंगार गवत आहे. साळूबाईंनी मला हाताला धरून त्याला वळसा घालून आणलं. आणि पदराला भाकरीचा तुकडा बांधून ठेवा म्हणाल्या, कायम.

५ ऑक्टोबर, गुरुवार.

वर्ग सुरू झाला. वीसजणी. कालपरवापर्यंत हातोडी धरलेले हात. सूत बोटांच्या भेगांत अडकतं आणि मळतं. मी खोबरेल लावायला दिलं, तर दोघींनी ते हळूच चाटलं. मी पाहिलं नाही असं केलं.

दुपारी दुष्काळी मदतीच्या गोड पिठाची सुकडी वाटली. एकीनंही तिथं खाल्ली नाही, सगळ्यांनी पदरात बांधून घरी नेली.

९ ऑक्टोबर, सोमवार.

आज पहिला रोजा. पहाटे सहरीला शिळी भाकरी आणि गूळ. उन्हाचा ताप आहे, पण रोज्याची भूक मला लहानपणापासून ओळखीची आहे. ती दुपारी येते, थोडी कुरकुरते आणि पाहुण्यासारखी गप्प बसते.

पदराला अन्न बांधून रोजा करायचं मनाला पटेना. साळूबाईंची भाकरी सोडून फडताळात ठेवली.

दुपारी खिडकीतून पाहिलं. साळूबाई गवताच्या कडेला वाकून भाकरीचा घास ठेवत होत्या. चिमण्या येतात का, म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या की त्या गवतावर चिमणी बसत नाही, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. या वर्षी, या माळावर, शेळी हिरव्या गवताला तोंड लावत नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार.

सकाळी एक बाई आली. हरणाबाई म्हणून, कडेवर पोरगी. नवरा मुंबईला गेला तो चैत्रापासून पत्ता नाही. खडीच्या कामावर हजेरीपटात नाव लागलं नाही, कुणीतरी इकडे पाठवलं. मी सांगितलं की वीसच्या वीस जागा भरल्यात. ती जाईना. वर्गातल्या बायका माना खाली घालून विणत राहिल्या. त्यांना वाटलं असणार, हिला घेतलं तर आपल्यातली एक जाईल.

"माजं हात तर बगा, बाई," ती म्हणाली. "लय बारीक काम करत्यात."

मी बघितले नाहीत. बघितले असते तर नाही म्हणवलं नसतं. मी आप्पासोंचं नाव पुढं केलं, नियम सांगितला, पुढच्या महिन्यात ये म्हणाले. पुढच्या महिन्यात!

ती फाटकाच्या खांबाशी दगडावर बसली. दुपारपर्यंत तिथंच होती. पोरगी आधी रडत होती, मग नाही. सुकडी वाटायच्या वेळी मी वाटीभर घेऊन बाहेर गेले, तर दगड रिकामा. साळूबाई माझ्याकडं बराच वेळ बघत होत्या.

१४ ऑक्टोबर, शनिवार.

लिहून ठेवते.

आज दुपारी अडीचच्या सुमाराला वाऱ्यानं नमुन्याचा कागद उडाला. मी त्याच्यामागं धावले आणि पळता पळता गवतावर पाय पडला. दोन पावलं, तीन पावलं असतील.

ती भूक नव्हती. किंवा तीच भूक असेल आणि आजवर मला लागली ती दुसरंच काही. पोटात नाही, पायाच्या तळव्यातून चढली, डोळ्यांपुढं हिरवं झालं. मी रांगत बाहेर आले असेन. मग मला आठवतं ते सुकडीच्या पोत्यात दोन्ही हात घालून कोरडी मूठ मूठ तोंडात कोंबताना. रोजा होता. मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. साळूबाईंनी ओढून बाजूला केलं, तोंडात भाकरीचा तुकडा घातला, आणि तो गिळल्यावर सगळं थांबलं. दिवा मालवावा तसं.

मग त्यांनी सांगितलं. त्या आठ-नऊ वर्षांच्या असतानाची गोष्ट. असाच दुष्काळ. त्यांची आई वर्गात, त्या आईजवळ. परदेशी जाणाऱ्या लेसचं पार्सल त्या दिवशी बांधायचं होतं. एक वाटसरू बाई दारात आली, दोन दिवसांची उपाशी. नोराबाईंच्या तोंडात टाचण्या, हातात काम. त्यांनी उद्या ये अशी खूण केली.

"सकाळी फाटकात मरून पडली हुती," साळूबाई म्हणाल्या. "पंधरा दिसांत तितं गवात उगावलं. मडमबाईनं बघितलं आनि मटकन खालीच बसली. आमच्या मुलखात ह्येला भुकेचं गवात म्हंत्यात, म्हनली. उपाशी मानूस दारातनं मागं फिरवलं, की उगावतंय."

तिकडे म्हणे आजही माणसं खिशात पावाचा तुकडा घेऊन रानात जातात. बाईंनी मरेपर्यंत रोज तिथं घास ठेवला. नंतर साळूबाईंनी. घास ठेवल्यानं ते जात नाही, नुसतं जागच्या जागी राहतं.

रोजा मोडला. अम्मीला काय सांगू?

१८ ऑक्टोबर, बुधवार.

पुन्हा पदराला भाकरी बांधली आहे. साळूबाई घरून भाजून आणतात.

आज सकाळी फाटकाच्या खांबाशी, ज्या दगडावर हरणाबाई बसली होती त्याच्या बुडाशी, हिरवे कोंब दिसले. तळहाताएवढ्या जागेत. पाऊस नाही, पाणी नाही. मी साळूबाईंना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

मी विचारलं, ती जिवंत असेल ना. त्या म्हणाल्या, जित्या माणसाचं उगवत नाही.

२० ऑक्टोबर, शुक्रवार.

वर्गाला सुट्टी देऊन दहिवडी रस्त्याच्या कामावर गेले. इथून मैलभर. शेकडो माणसं, धुरळा, हातोड्यांचा एकच आवाज. विचारत फिरले, तेव्हा धोंडुबाई नावाची एक बाई ओळखते म्हणाली. हरणाबाई तिच्या झोपडीशेजारी लिंबाखाली राहत होती.

ती गेल्या शनिवारी वारली. माझ्याकडून परत आली ती तिथंच बसून राहिली, पुन्हा कुणाकडं काही मागितलं नाही. दुपारी दोन-अडीचला मान टाकली.

शनिवारी. अडीच वाजता.

पोरगी धोंडुबाईकडं आहे. अकरा महिन्यांची, रांगणारी. धोंडुबाईला स्वतःची चार. मी म्हणाले, मी सांभाळते. धोंडुबाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आता नेताय व्हय," एवढंच म्हणाली.

२२ ऑक्टोबर, रविवार.

पोरगी आणली. नाव धोंडुबाईलाही माहीत नाही, बाळीच म्हणतात. दूध-पावडर कालवून दिली, सुकडीची पेज दिली. पोट भरतं आणि तरी रडते. खांद्यावर घेतलं, झोळी बांधली, अम्मी म्हणायची ती अंगाई म्हटली. दिवसभर रडणं. धोंडुबाई पुढच्या आठवड्यात सोमवारी बघायला येईन म्हणाली आहे.

नवं गवत आता सुपाएवढं झालंय. साळूबाई दोन घास ठेवतात. एक जुनीला, एक नवीला.

२४ ऑक्टोबर, मंगळवार.

मी नमुना टाचत होते. रडणं थांबलं. आधी बरं वाटलं, मग लक्षात आलं की बाळी खोलीत नाही.

ती नव्या गवतात बसली होती. एकटी, उन्हात, शांत. जवळ भाकरी नाही, काही नाही, तरी तिला काही झालं नव्हतं. वर मान करून कुणाकडं तरी बघत होती. ओठ हलत होते. जवळ गेल्यावर कळलं, ती चोखत होती. पुढं काहीच नव्हतं आणि ती पोटभर चोखत होती.

उचलली तर अशी किंकाळी —

तिच्या हनुवटीवर ओघळ होता. हिरवा.

२६ ऑक्टोबर, गुरुवार.

वर्गात सातजणी. तिघी काल फाटकात पडल्या, त्यांतल्या एकीनं माती खाल्ली. भाकरी सगळ्यांच्या पदराला कुठून असणार? त्या तर सुकडीसुद्धा पोरांना नेतात. मी उरलेल्यांना सांगितलं, येऊ नका. आपापली अर्धवट फुलं त्यांनी माझ्यापुढं ठेवली आणि मागच्या कुंपणातून गेल्या.

बाळी खात नाही. दूध तोंडातून सांडते. गवतात सोडली की शांत, आत आणली की तापते. काल दोन तास मी तिला बाहेर बसू दिलं. मीच. कानठळ्या बसल्या होत्या.

तिची वाढ होतेय असंही नाही. हलकी होत चालली आहे.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार.

साळूमावशी गेल्या.

सकाळी खूप वेळ आल्या नाहीत म्हणून बघितलं. दोन गवतं रात्रीतून एकमेकांना मिळालीत. फाटकातून आत यायची वाट त्यांच्याखाली गेली. त्या मधोमध गुडघ्यांवर. पुढ्यात फडकं उघडं, त्यात दोन घास तसेच, आणि एक भाकरी माझ्यासाठी. स्वतःच्या पदराला काही नव्हतं. त्यांच्या घरी पीठ किती होतं, हे मी कधी विचारलं नाही.

भाकरी हाताशी होती. खाल्ली का नाही? तोंड गवतानं भरलेलं होतं.

मी पदरातला तुकडा चघळत गेले आणि त्यांना ओढून बाहेर काढलं. त्यांची भाकरी घेतली. घेतली मी.

२८ ऑक्टोबर, शनिवार.

आप्पासो आले, फौजदार आले, मावशींना मागच्या कुंपणातून काढून गाडीवर घालून नेलं. फौजदारांनी उन्हाचा झटका असं लिहिलं. आप्पासो फाटकाबाहेरूनच बोलले. वर्ग बंद. उद्या बैलगाडी पाठवतो, ट्रंक भरून ठेवा. मी गवताकडं बोट दाखवलं. त्यांनी चपला बघितल्या स्वतःच्या, आणि म्हणाले की तेव्हाच वीसच्या वर एक घेतली असती तर कोण विचारणार होतं.

मला हसू आलं. मोठ्यानं. ते घाबरले.

२९ ऑक्टोबर, रविवार.

गाडी आली नाही. किंवा आली आणि लांबून फिरली.

मागचं कुंपणही गेलं. चारी बाजूंनी हिरवं. ओटा सोडून आता जागा नाही. दुपारी कोंब फरशीच्या फटींतून वर आला, माझ्या पायाशी, मी पाय उचलायच्या आत —

पोतं संपलं. वीस बायकांची आठवड्याची सुकडी मी बसून संपवली. नंतर सूत. रिळाचं सूत चावून गिळत होते तेव्हा मावशींच्या भाकरीची आठवण झाली. एक तुकडा चघळला, थांबलं.

आता दोन तुकडे उरलेत. लाकडासारखे.

संध्याकाळी आणखी एक लागला. आता एक.

३० ऑक्टोबर, सोमवार. सकाळ.

तिला बघितलं.

बाळी गवतात बसते तिथं. समोर पाठमोरी, मांडी घालून, पदर पुढं घेऊन, लेकराला पाजायला बसतात तशी. ऊन तिच्यातून जात नव्हतं. सावली पडली होती.

मी ओट्यावरून बोलले. म्हणाले, हरणाबाई, माझी चूक झाली. म्हणाले, लेकराला सोड, ती मरते आहे तुझ्या दुधावर. तुला ते कळत नसेल.

तिनं वळून बघितलं नाही. मीही बघितलं नव्हतं.

दुपार. बारा वाजले असतील.

रस्त्यावर धोंडुबाई. आली. शब्दाला जागून आली. मी ओरडून सांगितलं, आत पाऊल टाकू नकोस, तिथंच थांब. भाकरी आहे का? नाही म्हणाली. सकाळपासून तिच्याच पोटात काही नाही.

तुकडा एकच. मी खाल्ला तर मी पार होते, पण पोरगी आईच्या ओढीनं परत रांगत येणार. पोरीला भरवला तर तिची ओढ सुटेल. सुटेल बहुतेक. मग मला तिला उचलून नेताना —

फाटक वीस पावलं. विणायला बसले की मी वीस टाके श्वास न घेता मोजते.

भिजवून मऊ करते आधी.

दुपार

पेन्सिल आहे. वही झोळीत होती.

दिली. धोंडुबाईच्या हातात दिली. शेवटची पाच पावलं राहिली तेव्हा पाय गेले. वर उचलून फेकलीच म्हणायची. तिनं झेलली.

बाळीनं गिळला होता तुकडा. वाटेत मागं वळून हात पसरले होते, पण गिळला होता.

धोंडुबाई मला ओढायला आत येऊ लागली, मी नको म्हणाले. ती कामावर पळत गेली आहे, कुणाच्या तरी फडक्यातली भाकरी आणते म्हणाली. मैल जायला, मैल यायला. पोरीला घेऊन.

भूक. लिहिलं की थोडी थांबते. म्हणून लिहिते. अब्बा, तुम्ही इकडे येऊ नका. आलात तर आधी काही खाऊन

ती माझ्या मागं आहे. वळणार नाही. नाही, वळायलाच

थांबा. ऐकू येतंय. रस्त्याच्या चढावर बाळी रडते आहे. किंकाळी नाही ही. साधं रडणं, मोठ्यानं, भूक लागलेल्या लेकराचं. ओठ काढून. धोंडुबाई तिला काहीतरी म्हणते आहे, रडणं वाढतंच आहे, अल्ला, किती छान रडते

लांब गेलं आता.

कुणीतरी माझ्या पुढ्यात येऊन बसलंय. हात पुढं केलेत, दोन्ही, उताणे. किती बारीक बोटं. सांगते तिला, सांगते की मी बघते आहे, अगदी नीट बघते आहे, हे बघ, तुझ्या बोटांवर इथं आणि इथं सुईचे —